परसदारातून पाहिलेली दक्षिण : चार्ल्स्टन ते सेल्मा, मोटारीने नऊ दिवस

मिरजकर

नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे येऊन आम्हाला एकोणीस वर्षे झाली. या काळात भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही नायगारा दाखवला, वॉशिंग्टनची संग्रहालये दाखवली. परंतु ज्या प्रदेशात घर घेतले, मुले वाढवली, त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडे मात्र फ्लोरिडाला जाताना लागणारा लांबलचक महामार्ग एवढ्याच दृष्टीने पाहत राहिलो. धाकटी मुलगी शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावर, गेल्या मार्चच्या अखेरीस, आम्ही दोघे मोटारीने निघालो. चार्ल्स्टन, ब्यूफर्ट, सव्हाना, अटलांटा, माँटगोमेरी, सेल्मा आणि परत घर, असा नऊ दिवसांचा आणि सुमारे दीड हजार मैलांचा हा प्रवास होता. चार्ल्स्टन आणि अटलांटा येथे मित्रांच्या घरी मुक्काम होता आणि उरलेल्या रात्री हॉटेलांत काढल्या. त्या दिवसांत पाइनचा पिवळा पराग इतका पडत होता की चार्ल्स्टनला पोहोचेपर्यंत आमची काळी गाडी जेजुरीहून परतल्यासारखी दिसू लागली होती.

चार्ल्स्टनचा मित्र माझा वसतिगृहातला सोबती आहे आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो तेथेच राहतो. पहिल्या रात्री जेवताना त्याने आमची यादी पाहिली, त्यातली रेनबो रोची रंगीत तेरा घरे आणि बागांची नावे वाचली, आणि म्हणाला, "हे सगळे बघ, पण प्रत्येक ठिकाणी आधी परसदार बघ. दिवाणखाना नंतर बघितलास तर त्याचा अर्थ लागेल." पुढचे आठ दिवस आम्ही त्याचा हा सल्ला शक्य तेथे पाळला, आणि हा धागा लिहिण्याचे कारणही तेच आहे.

चार्ल्स्टनचे जुने घर रस्त्याला पाठ नव्हे, तर कूस देऊन उभे असते. रुंदी एका खोलीची, लांबी आत खोलवर, आणि एका बाजूला वरखाली दोन लांब पडव्या. रस्त्यावरून जे दार घराचे वाटते ते पडवीचे असते. घराच्या मागे अंगण आणि अंगणाच्या कडेने स्वयंपाकघर, धुणीघर, तबेला. त्यांच्या माळ्यावर गुलाम माणसे राहत. एकेन-रेट हाउस ही वास्तू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे, कारण तेथे जीर्णोद्धाराऐवजी जे जसे उरले ते तसेच जपण्याचे धोरण ठेवले आहे. उडालेला रंग, फाटलेला भिंतीवरचा कागद, आणि मागच्या अंगणातली ती दुमजली चाळवजा इमारत. आधी ती पाहून मग आम्ही मुख्य घराच्या जिन्यावर चढलो, तेव्हा झुंबर कोणी पुसत असेल हा प्रश्न आपोआप डोक्यात होता.

त्याच संध्याकाळी मित्राने एका जुन्या भिंतीतली वीट दाखवली. विटेच्या कडेला लहान बोटांचे चार ठसे होते. ओल्या विटा उलटण्याचे आणि वाहून नेण्याचे काम पुष्कळदा गुलाम मुलांकडे असे, आणि शहराच्या अनेक जुन्या भिंतींत असे ठसे आजही सापडतात. माझ्या पत्नीने त्या ठशांवर आपली बोटे ठेवून पाहिली. तिची करंगळीसुद्धा तेथे मावेना.

चामर्स स्ट्रीटच्या गोट्यांच्या फरसबंदीवरचे जुने गुलाम-बाजाराचे संग्रहालय लहान आहे. १८५६ मध्ये नगरपालिकेने रस्त्यावरच्या जाहीर विक्रीवर बंदी घातली. त्यात दयेचा भाग नव्हता. व्यापार बंद झाला नाही, तो भिंतीआड गेला. ही इमारत अशा भिंतीआडच्या बाजारांपैकी एका बाजाराची. २०२३ च्या जूनमध्ये उघडलेले आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय त्यामानाने विस्तीर्ण आहे. ते गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर आहे, आणि याच धक्क्यावर हजारो आफ्रिकी माणसे उतरवली गेली. म्हणून वास्तुकारांनी इमारत जमिनीवर टेकवलेलीच नाही. ती अठरा खांबांवर तेरा फूट उंच उचलून धरली आहे आणि खालची जागा मोकळी ठेवली आहे. तेथे फरशीवर एकमेकांना चिकटून आडव्या झालेल्या मानवी आकृत्या कोरल्या आहेत, आणि त्यांच्यावर पाणी चढते व ओसरते. बंदरातल्या फोर्ट सम्टर या किल्ल्यालाही बोटीने जाऊन आलो. १२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धाची (गुलामीसाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये विरुद्ध संघराज्य) पहिली तोफ त्याच्यावर डागली गेली, हे बहुतेकांना ठाऊक असते.

शहराबाहेरच्या एका मळ्यावर, ज्याचे नाव मी घेत नाही, आमचा विरस झाला. मार्गदर्शक बाईंनी चांदीची भांडी, पडद्यांचे कापड आणि जेवणाच्या मेजाची लांबी यांवर पाऊण तास घालवला आणि मळ्यात राबणाऱ्यांचा उल्लेख केवळ 'नोकर' असा केला. दुसऱ्या दिवशी जेम्स बेटावरच्या मॅक्लाउड मळ्यावर गेलो. तेथे माहितीचा केंद्रबिंदूच गुलाम कुटुंबे आणि त्यांचे गला-गीची (या किनाऱ्यावरचा आफ्रिकी वंशाचा समाज) वंशज हा आहे. लाकडी खोपटांची ओळ मुख्य वाटेलाच आहे, आणि त्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लोक राहत होते. युद्ध संपता संपता याच मळ्यावर मॅसॅच्युसेट्सच्या कृष्णवर्णीय पलटणींचा तळ पडला आणि नंतर मुक्त झालेल्या लोकांसाठीचे सरकारी कार्यालय भरले. दोन्ही मळ्यांवर ओक वृक्ष तितकेच सुंदर आहेत.

चार्ल्स्टनहून सव्हानाला जाताना आय-९५ न धरता यूएस-१७ हा जुना रस्ता धरावा. दोन्ही बाजूंना खाजणे, पाणथळ गवत आणि मध्येच सरळ रेषेतले बांध दिसतात. पत्नीचे माहेर अलिबागजवळच्या खारेपाटातले. तिने गाडी थांबवायला लावली, कारण बांधात बसवलेली लाकडी झडप पाहून तिला गावची उघाडी आठवली. ही जुनी भातशेती होती. खारेपाटात उघाडी खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते. येथे मात्र भरतीच्या रेट्याने वर उचललेले नदीचे गोडे पाणी नेमक्या वेळी शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडायचे, अशी उलटी युक्ती होती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांना भाताची आणि बांधबंदिस्तीची जाण होती. त्यांचे श्रम तर लुटले गेलेच, पण विद्याही लुटली गेली, असे म्हणावे लागेल. मलेरियाच्या भीतीने मालक उन्हाळ्यात शहरात जात आणि चिखलात उभी राहणारी माणसे तेथेच मरत.

याच रस्त्यावर कोम्बाही नदीवरचा पूल, स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या नावाचा आहे. २ जून १८६३ रोजी संघराज्याच्या लष्करी बोटींना वाट दाखवत त्या या नदीत शिरल्या आणि एका रात्रीत सातशेहून अधिक माणसे भातशेतांतून सुटली. पुढे ब्यूफर्टला रॉबर्ट स्मॉल्स यांचे घर लागते. १३ मे १८६२ च्या पहाटे या गुलाम सुकाणूवाल्याने 'प्लँटर' नावाची दक्षिणेची लष्करी आगबोट चार्ल्स्टन बंदरातून पळवली, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून फोर्ट सम्टरसमोरून बरोबर इशारा देत ती पुढे काढली, आणि आपल्या कुटुंबासह सोळा जणांना मुक्त केले. नंतर त्यांनी ब्यूफर्टमधले आपल्या जुन्या मालकाचे घर विकत घेतले आणि ते संसदेवर निवडून गेले. घर खाजगी असल्याने बाहेरूनच पाहिले. त्याला परसदार असेल, पण तेथे जाण्याची गरज वाटली नाही.

सव्हाना हे १७३३ मध्ये आखून वसवलेले शहर. मूळच्या चोवीस चौकांपैकी बावीस चौक उरले आहेत आणि एकातून दुसऱ्यात पायी भटकणे हेच तेथले मुख्य काम. ओवेन्स-टॉमस हाउसमध्ये मित्राचा सल्ला संस्थेनेच अमलात आणलेला आढळला: फेरी गुलामांच्या निवाऱ्यापासून सुरू होते. त्याच्या छताला फिका निळा रंग आहे; भुते या रंगाला बिचकतात असा गला-गीची लोकांचा समज होता. ग्रीन-मेल्ड्रिम घरात संघराज्याचे सेनानी जनरल शर्मन यांचा मुक्काम होता. १२ जानेवारी १८६५ रोजी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना तेथे बोलावून, तुम्हाला काय हवे, असे विचारण्यात आले, आणि त्यांनी जमीन मागितली. चारच दिवसांनी किनारपट्टीची जमीन प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम निघाला. वर्ष संपण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. मला त्या दिवाणखान्यातून लवकर बाहेर पडावेसे वाटले.

अटलांटाला पत्नीच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे दोन रात्री होतो. गप्पाच अधिक झाल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऑबर्न ॲव्हेन्यूवरचे जन्मघर आम्ही बाहेरून पाहिले आणि त्यांची पाण्याने वेढलेली समाधी पाहिली.

माँटगोमेरीला मात्र दोन दिवस हवे होते, आम्ही एकच ठेवला होता. शांतता व न्यायासाठीचे राष्ट्रीय स्मारक २०१८ मध्ये एका टेकाडावर उभे राहिले. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीय माणसांची नावे कोरलेले आठशेहून अधिक गंजरंगी पोलादी स्तंभ तेथे आहेत, एका काउंटीला (जिल्ह्याला) एक. सुरुवातीला हे स्तंभ तुमच्या उंचीला समोर उभे असतात. तुम्ही चालत जाता तशी पायाखालची जमीन उतरत जाते, स्तंभ जागचे हलत नाहीत, आणि तिसऱ्या वळणावर तुमच्या लक्षात येते की ते आता डोक्यावर टांगलेले आहेत. आम्ही नॉर्थ कॅरोलिनाच्या काउंट्या शोधल्या. ज्या काउंटीतून आम्ही दर शनिवारी भाजी आणायला जातो तिचेही नाव सापडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्मा. यूएस-८० ने पन्नास मैल, गायरानांतून. गावाने २०२३ च्या जानेवारीतले टॉर्नेडोचे वादळ अजून अंगावर बाळगले आहे; छपरे नसलेली घरे आहेत, फळ्या ठोकलेली दुकाने आहेत. गावाच्या नदीवरच्या पुलाच्या कमानीवर एडमंड पेटस असे नाव ठळक अक्षरांत आहे, आणि हे गृहस्थ दक्षिणेच्या सैन्यातले सेनानी होते. ७ मार्च १९६५ रोजी कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सुमारे सहाशे माणसांना या पुलापलीकडे पोलिसांकडून लाठ्यांनी झोडपले गेले, हे वाचले होते. वाचून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती चालल्यावर कळते: पूल मधोमध उंच आहे. गावाच्या बाजूने चढताना पलीकडे काय उभे आहे ते दिसत नाही. माथ्यावर पाऊल टाकल्यावरच दिसते. आम्ही माथ्यावर थांबलो. खाली नदी गढूळ होती आणि पलीकडे एक पेट्रोल पंप दिसत होता.

शुभांगी_टी

फार तपशीलवार लेखन आहे. आम्हीही याच मार्गाचा विचार करीत आहोत, मात्र सोबत सासू-सासरे असतील; दोघेही सत्तरीपुढचे आणि पूर्ण शाकाहारी. तीन गोष्टी विचारते. जूनमध्ये गेले तर चालेल का, दक्षिणेत शाकाहारी माणसाने खायचे काय, आणि चालणे किती पडते?

निवृत्त मास्तर

'आधी परसदार' हा आपल्या मित्राचा सल्ला मी माझ्या विद्यार्थ्यांना द्यायला हवा होता, असे वाटून गेले. चौतीस वर्षे इतिहास शिकवला आणि दर वर्षी सहलीला शनिवारवाड्यावर मुलांना नेले. दिल्ली दरवाजा दाखवला, कारंजे दाखवले. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या, पळून गेलेल्यांना धरून आणण्याच्या, सरकारी कोठीत कामाला लावण्याच्या नोंदी आहेत, हे मला ठाऊक होते. पण त्या स्त्रिया वाड्यात नेमक्या कोठे राहत असतील, असा प्रश्न ना मुलांनी विचारला ना मी उभा केला. हिंदुस्थानात गुलामीला कायद्याचे पाठबळ नाकारणारा अधिनियम १८४३ चा आहे, म्हणजे अमेरिकेच्या आधीचा. आणि तरीही आपल्याकडे या विषयाचे एकही संग्रहालय मी पाहिलेले नाही.

आणखी एक धागा आपल्या लेखातून सुटला असे वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि आपले देशबांधव शूद्र बंधूंना सोडवण्यासाठी त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशा व्यक्त केली. आपण ब्यूफर्टच्या ज्या स्मॉल्स यांच्याविषयी लिहिले आहे, ते त्याच काळात साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात होते, आणि तेथल्या कनिष्ठ सभागृहात तेव्हा कृष्णवर्णीय सदस्यांचे बहुमत होते. पुण्यात ते पुस्तक छापले जात असताना चार्ल्स्टनच्या बाजूला ही स्थिती होती. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, संघराज्याच्या फौजा मागे घेतल्या गेल्या आणि हे सगळे उलटे फिरले.

स्वच्छंद

लेखन चांगले आहे हे मान्य करून थोडा विरोधी सूर लावतो. सुट्टी काढून, मित्रांना भेटायला निघालेल्या जोडप्याने नऊच्या नऊ दिवस वेदनांच्या स्थळांवर घालवावेत, हा आग्रह मला झेपत नाही. आम्ही सव्हानाला चार दिवस होतो. फोर्साइथ उद्यानातले १८५८ चे कारंजे, ओकवर लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉसच्या जटा (जी स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही, ती अननसाच्या कुळातली आहे), नदीकाठची संध्याकाळ, या गोष्टी पाहताना मला अपराधी वाटले नाही. आपण हे केलेले नाही. आपले आजोबा तेव्हा सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाशी झगडत होते. शिवाय मास्तरांनी केलेली कुणबिणींची तुलना मला पूर्णपणे पटत नाही. लाखो माणसे जहाजांत कोंबून महासागरापलीकडे नेणारा आणि वर्णावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसाला जंगम मालमत्ता ठरवणारा उद्योग वेगळ्या जातीचा आहे. सगळ्याला एकाच मापाने मोजले की दोन्हींचे वेगळेपण हरवते.

निवृत्त मास्तर

स्वच्छंद, प्रमाण आणि स्वरूप यांतला फरक आपण दाखवलात तो बरोबर आहे, आणि तो मी लिहायला हवा होता. माझे म्हणणे तुलनेचे नव्हते. एका वास्तूत कोण राहत होते हे सांगताना निम्मी माणसे वगळली जातात, ही सवय दोन्हीकडे आहे, एवढेच मला म्हणायचे होते. 'वेगळ्या जातीचा' हा आपला शब्दप्रयोग वाचून मात्र हसू आले.

डेकेटरकर

मी अटलांटाजवळ राहतो. मिरजकरांनी आमच्या शहराला चार ओळींत उरकले, याचा निषेध नोंदवतो. किंग यांच्या स्मारकाच्या आवारात महात्मा गांधींचा पूर्णाकृती पुतळा आहे; तो चुकला असेल तर पुन्हा या. १९५९ मध्ये किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात झाला. पुढे ४ जुलै १९६५ रोजी येथल्या एबनेझर चर्चमधल्या प्रवचनात त्यांनी केरळातल्या एका शाळेची आठवण सांगितली. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, राग आला, आणि मग ते खरेच आहे असे वाटले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. हे ड्यू बॉइस अटलांटा विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापक होते. तेव्हा स्वच्छंद म्हणतात तसा हा इतिहास आपल्याशी अगदीच असंबद्ध नाही.

त्याहून रोकडी गोष्ट सांगतो. सेल्मानंतर मताधिकाराचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला स्थलांतराचा नवा कायदा झाला आणि देशोदेशींचे जुने कोटे रद्द झाले. वंशावरून माणसाला दाराबाहेर ठेवणे अशोभनीय आहे, असे त्या संसदेला वाटू लागले, त्यामागे त्या काळातल्या या चळवळीचा रेटा होता. त्यापूर्वी भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. आपण सर्वजण ज्या दारातून आत आलो, ते दार पेटस पुलावरून चालणाऱ्या माणसांनी ढकललेले होते, असे मी माझ्या मुलांना सांगतो.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेख वाचून सेल्माचा मोर्चा एकदाच निघाला असे वाटते. ७ मार्चनंतर ९ मार्चला दुसरा मोर्चा पुलापर्यंत जाऊन, प्रार्थना करून परत फिरला, आणि २१ मार्चला लष्करी संरक्षणात निघालेला तिसरा मोर्चा चोपन्न मैल चालून २५ मार्चला माँटगोमेरीला पोहोचला.

स्वच्छंद

१९६५ च्या दोन कायद्यांचा संबंध मी असा कधी जोडून पाहिला नव्हता. अननसाविषयीचे माझे विधान मात्र कायम आहे.

मिरजकर

सर्वांचे आभार. डेकेटरकर, दुरुस्ती मान्य आहे, आणि गांधींचा पुतळा आम्ही खरोखरच चुकवला. मैत्रिणींच्या गप्पांपुढे माझे काही चालत नाही.

शुभांगीताई, जून टाळावा. दमट उष्मा, डास आणि दुपारचा वळीव यांत ज्येष्ठांचे हाल होतील. मार्चअखेर किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध बरा. चालणे सव्हानात सर्वाधिक पडते, पण दर दोन गल्ल्यांनी चौकात बाके आहेत. चार्ल्स्टनच्या गोट्यांच्या रस्त्यांवर काठी सांभाळावी लागते. माँटगोमेरीचे स्मारक उताराचे आहे, पायऱ्यांचे नाही. तेथे पाच डॉलरच्या एकाच तिकिटात संग्रहालय, स्मारक आणि नदीकाठचे शिल्प-उद्यान ही तिन्ही स्थळे पाहता येतात. २०२४ मध्ये उघडलेल्या त्या उद्यानात एका प्रचंड भिंतीवर एक लाख बावीस हजार आडनावे आहेत. मुक्त झालेल्या माणसांची नावानिशी नोंद १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा झाली, त्यातली ही आडनावे. सासूबाईंना इंग्रजी वाचायचे नसेल तरी त्या भिंतीसमोर बसता येईल.

खाण्याविषयी सांगायचे तर, दक्षिणेचे जेवण दिसायला आपले आणि असायला फसवे आहे. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. लोणी घालून मऊ शिजवलेल्या असतात आणि सासऱ्यांना पचतील. 'हॉपिन जॉन' हा चक्क चवळीभात. भेंडी सर्वत्र आहे. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आल्या. परंतु चवळीत, पालेभाजीत, घेवड्यात स्वादासाठी डुकराच्या मांसाचा तुकडा घालण्याची तेथे रीत आहे, आणि विचारल्याशिवाय कोणी ते सांगत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते. तेव्हा "यात मांस आहे का" असे न विचारता "हे कशात शिजवले आहे" असे विचारावे. चार्ल्स्टनला वहिनींनी हाच चवळीभात गोडा मसाला घालून केला होता आणि त्यावर खोबरे पेरले होते. मित्राने तीनदा वाढून घेतला.

तांबडी माती

आम्ही मिसिसिपीत असतो, त्यामुळे मिरजकर सेल्माहून मागे फिरले याची हळहळ वाटते. पुढे दोनशेहून अधिक मैलांवर व्हिक्सबर्ग आहे, जेथे सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. त्याखाली नॅचेझ आहे. तेथे खांबांचे प्रासाद पुष्कळ आहेत, परंतु गावाच्या कडेला 'फोर्क्स ऑफ द रोड' नावाचा एक साधा तिठा आहे. देशातल्या मोठ्या गुलाम-बाजारांपैकी एक तेथे भरत असे. आता तेथे गवत आणि काही फलक आहेत. प्रासाद पाहणारे तो तिठा चुकवतात. लुइझियानात शिरलात तर व्हिटनी मळा पाहा. २०१४ मध्ये उघडल्यापासून तो गुलाम माणसांच्या बाजूनेच दाखवला जातो. आमच्याकडे आलात तर उतरायची सोय होईल, निरोप धाडा.

शुभांगी_टी

उत्तर फार उपयोगी पडले. आम्ही ऑक्टोबर ठरवतो आहोत. चार्ल्स्टनमध्ये गाडी लावण्याची काही अडचण येते का?

मिरजकर

येते, आणि ती वाहतुकीची नसून समुद्राची आहे. चार्ल्स्टन सखल आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, विशेषतः शरद ऋतूत, पाऊस नसतानाही काही रस्त्यांवर खारे पाणी येते. मित्राने आम्हाला सकाळीच भरतीची वेळ पाहून ठेवायला सांगितले होते आणि मी ते हसण्यावारी नेले. दुपारी परत येऊन पाहतो तो गाडीची चाके अर्धी पाण्यात, आणि माझी पत्नी, खारेपाटची लेक, पदर खोचल्यासारखा दुपट्टा कमरेला बांधून, चपला हातात घेऊन पुढे निघालेली. गाडीला काही झाले नाही. परंतु ऑक्टोबरात जात असाल तर तिथी पाहून निघा. आणि यूएस-१७ वर कोठेही 'उकडलेल्या शेंगा' अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली तर थांबा. मिठाच्या पाण्यात शिजवलेल्या, गरम, अगदी आपल्यासारख्या. मोठी पिशवी घ्या, लहान पुरत नाही.